रबरी बुचाच्या बाटल्या

मैत्री, सम्यक,

त्या हिवाळ्यात दर रविवारी तुम्ही दोघं हॉस्पिटलच्या मागच्या हिरवळीवर उभं राहून मला हात करायचात आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या काचेमागून तुम्हाला. सम्यक, एकदा तू चुकीच्या खिडकीकडे पाहून बराच वेळ हात हलवत होतास. तिथल्या कुणा आजोबांनी तुला मनापासून उत्तरही दिलं. तेवढं तुम्हाला आठवत असेल. काचेच्या आत काय होतं, मी तिथे कशी पोचले आणि त्यात माझी स्वतःची चूक किती, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. तुमची आई सांगणार नाही, कारण ती माझी मुलगी आहे. म्हणून मी इथे नागपुरात बसून लिहिते आहे. वाचताना एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा. आईला विचारलंत तर ती मध्येच रडेल आणि वाचन तिथेच राहील.

डबा

माझ्या औषधांच्या डब्याची तुम्हाला ओळख आहे. निळ्या झाकणाचा, आत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: ताप, घसा, पोट, अंगदुखी, खाज. शेवटच्या कप्प्यावर नुसतं ‘कोर्स’. त्यात अँटिबायोटिकच्या गोळ्यांच्या पट्ट्या असत, नागपूरच्या दुकानातून आणलेल्या.

हॉलंडमधल्या तुमच्या बेस्ट गावातल्या मराठी घरांत हा डबा प्रसिद्ध होता. तिथला घरचा डॉक्टर, ज्याला तुम्ही हाऊसआर्ट्स म्हणता, काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या आणि आठवड्याने फोन करा असं सांगतो, हा आपल्या लोकांचा आवडता विनोद. रविवारी स्क्रीनवर बुद्धवंदना झाली की गप्पांत कुणीतरी विचारायचंच, आजी, कोर्सच्या कप्प्यात काही आहे का? मला ते आवडायचं. जिने चाळीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तिला निवृत्तीनंतर कुणी काही विचारत नाही. डब्यामुळे विचारत होते.

खोकला

मी तीन महिन्यांसाठी आले होते. विमानं बंद झाली आणि मी राहिले. माळ्यावरच्या खोलीत तुमच्या बाबांचं ऑफिस बसलं, तुमची आई उज्ज्वला जेवणाच्या टेबलावर काम करू लागली आणि माझा पलंग मैत्रीच्या खोलीत लागला. सम्यक आईबाबांजवळ झोपायचा. घरात सगळे फार जपत होते. तुमचे बाबा अमोल दुकानातून आलेले दुधाचे खोके पुसून मगच आत घ्यायचे, पार्सलं दाराबाहेर एक दिवस पडून राहायची. आजार बाहेरून येणार अशी आमची सगळ्यांची खात्री होती.

पानगळीच्या दिवसांत मला खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. लगेच गाडीत बसवून नेलं, नाकात काडी घातली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की कोरोना नाही. घरात त्या रात्री पुरणपोळी झाली. उज्ज्वलाने हाऊसआर्ट्सला फोन केला. पॅरासिटामॉल, पाणी, आठवडाभर वाट पाहा.

मी वाट पाहिली नाही. कोर्सचा कप्पा उघडला. पाच गोळ्या, पाच दिवस. ताप गेला, खोकला निम्मा झाला. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. साधारण तीन आठवड्यांनी खोकला परत आला, तेव्हा पुन्हा पाच. डिसेंबरात तिसऱ्यांदा. दर वेळी बरं वाटायचं आणि दर वेळी मी मनातल्या मनात त्या हाऊसआर्ट्सला हसायचे.

मधल्या काळात सलवारीची नाडी एक वीत जास्त ओढावी लागू लागली. पहाटे उशी ओली असायची. आणि मैत्री, थंडी वाजली की तू माझ्या पांघरुणात शिरायचीस आणि तुझे गारठलेले पाय माझ्या पोटऱ्यांना लावायचीस. मी तुला एकदाही नको म्हटलं नाही.

जानेवारीत एका सकाळी बेसिनमध्ये थुंकले तर त्यात लाल धागा होता. मी बेसिन घासलं, नळाची तोटीसुद्धा पुसली आणि खाली येऊन सगळ्यांसाठी पोहे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. या वेळी तू माझ्या मागे उभी होतीस. खाली गेलीस आणि तुझ्या आईला सांगितलंस, आजी लाल थुंकते आणि मग साफसफाई करते.

तो दिवस

त्याच दिवशी एक्स-रे झाला आणि दुपारी मी फुप्फुसांच्या डॉक्टरांसमोर होते. तरुण, फार उंच, मास्कच्या वर फक्त डोळे. त्यांनी विचारलं, लहानपणी घरात कुणाला क्षय झाला होता का. मी म्हटलं, आईला, मी सहा वर्षांची असताना. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, तर मग तो बहुधा तेव्हापासून तुमच्या छातीत झोपलेला आहे. आता म्हातारपणी जागा झाला.

मी लहान असताना आमच्या वस्तीत हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. त्या खोलीत तो असा सरळ टेबलावर ठेवला गेला आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? आई आठवली. म्हटलं, म्हणजे तिचं काहीतरी इतकी वर्षं माझ्याजवळ होतं.

मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. गेल्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंत का?

मी म्हटलं, “नाही.”

इंग्रजीत, अगदी स्वच्छ उच्चारात. विचार करायला क्षणभरही लागला नाही. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलींना मी आयुष्यभर विचारत आले की तुला हे का करावंसं वाटलं. त्यांच्यापैकी एकीलाही उत्तर का देता आलं नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये उज्ज्वला उभी होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने एकच शब्द विचारला, “मुलं?”

दोन दारांची खोली

माझ्या खोलीला दोन दारं होती आणि ती दोन्ही एकाच वेळी कधी उघडत नसत. आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून. येणारा माणूस मधल्या चौकटीत थांबायचा, बदकाच्या चोचीसारखा मास्क लावायचा, मग आत. कोरोनामुळे भेटायला कुणाला परवानगी नव्हतीच. क्षयामुळे मीही बाहेर जाऊ शकत नव्हते. तीन आठवडे मी तिथे होते.

सकाळी साडेसातला गोळ्या. मूठभर, चार प्रकारच्या, नर्ससमोर गिळायच्या. आठला पाव, चीज आणि ताक. तिथलं ताक आपल्यासारखंच आंबट असतं, हा मला मोठाच आधार वाटला. दहाला वजन. मग दिवसभर काही नाही. सहा वाजता बटाटा. मी दोन दिवसांत वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं आणि तिसऱ्या दिवशी नर्स आनेकेने त्यात एक चूक काढली.

आनेके माझ्या उज्ज्वलापेक्षा थोडी मोठी असेल. अमोल एक दिवसाआड खालच्या काउंटरवर डबा ठेवून जायचे, वरण, भात, कधी झुणका. आनेके तो गरम करून आणायची. अमोलनी डब्यावर चिकटवलेल्या कागदावरून ती ‘जेवलात का’ एवढं म्हणायला शिकली होती. मास्कमधून ते ‘झेवलात का’ ऐकू यायचं. मी रोज म्हणायचे, अजून नाही. म्हणजे ती थोडी जास्त वेळ थांबायची.

भीती कशाची वाटत होती? मरणाची फारशी नाही. पहिल्याच आठवड्यात ताप उतरला, भूक लागू लागली. भीती एकाच गोष्टीची होती. गेमेन्टेच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, आरोग्य खात्याची बाई घरी येऊन गेली होती. तुमच्या चौघांच्या हातावर टोचून तपासणी झाली होती. चौघांचंही काही निघालं नाही. पण तिने सांगितलं होतं की हे अर्धं उत्तर आहे. जंतू शिरल्याचं शरीराला कळायला वेळ लागतो. आठ आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, मगच खरं.

आठ आठवडे. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाखाली आठ चौकोन काढले.

कोंबडीचा घसा

तुमच्या शाळा तेव्हा दुसऱ्यांदा बंद झाल्या होत्या, वर्ग स्क्रीनवर भरत होता. मैत्रीला स्प्रेकबर्ट द्यायचा होता. तिथे प्रत्येक मुलाला वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं, तो प्रकार. आधी तिचा विषय घोडे होता. मी हॉस्पिटलात गेल्यावर तिने तो बदलला. रोज दुपारी चारला ती मला फोन करू लागली. मी मराठीत सांगायचे, ती इंग्रजीत प्रश्न विचारायची, डचमध्ये लिहून घ्यायची आणि मागून सम्यक तिन्ही भाषांत अडथळे आणायचा.

मी सांगितलं ते असं. एके काळी क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, अंडी, दूध आणि अंथरुण. मग महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकेत एक विद्यार्थी शेतातल्या मातीत औषध शोधत होता. मातीत असंख्य बारीक जीव राहतात आणि आपापली जागा राखायला एकमेकांना मारायची रसायनं बनवतात. त्यातलं एखादं रसायन क्षयाच्या जंतूला मारेल का, एवढंच तो पाहत होता. त्याच्या प्राध्यापकांना त्या जंतूंची भीती वाटे, म्हणून त्याला खाली तळघरात काम करावं लागे. तिथेच तो राबायचा, तिथेच झोपायचा. शेवटी दोन ठिकाणी त्याला हवा तो जीव सापडला. एकदा शेणखत घातलेल्या मातीत आणि एकदा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात. त्या जीवाच्या रसायनाचं नाव स्ट्रेप्टोमायसिन.

“कोंबडीच्या घशात?” सम्यक ओरडला. पुढचे तीन दिवस तो हेच विचारत होता.

मैत्रीला दुसरंच लागलं. या शोधाचं मोठं बक्षीस एकट्या प्राध्यापकांना मिळालं, हे ऐकून ती फार चिडली. तळघरात कोण होतं मग, असं तिने मला विचारलं, जणू ते बक्षीस मीच वाटलं होतं. मी म्हटलं, लिही, तुझ्या वर्गाला कळू दे.

मग मी तिला चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये युद्धानंतर हे औषध अगदी थोडं होतं, सगळ्यांना पुरणारं नव्हतं. म्हणून कुणाला द्यायचं ते बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांनी ठरवलं. काहींना औषध, काहींना नुसतं अंथरुण. सहा महिन्यांत औषधवाले पुष्कळ बरे दिसले. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तर दोन्ही गटांतला फरक फारसा उरला नव्हता.

“बरे झाले होते ना? मग परत का आजारी पडले?” मैत्रीने विचारलं.

मी शिक्षिकेच्या आवाजात उत्तर द्यायला लागले. की एकट्या औषधाने बरेचसे जंतू मरतात आणि माणसाला बरं वाटतं. पण काही मागे राहतात. ते दबा धरून बसतात, त्या औषधाला सरावतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून पुढे डॉक्टरांनी दोन-तीन औषधं एकत्र आणि पुष्कळ दिवस द्यायला सुरुवात केली. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना...

तिथे माझा आवाज थांबला. मैत्रीला वाटलं फोन अडकला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

घंटी

पलंगाशी बोलावण्याची घंटी होती. मी ती तोवर एकदाही दाबली नव्हती, उगाच कुणाला त्रास कशाला. त्या दुपारी दाबली. आनेके धावत आली. तिला वाटलं मी पडले. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगा, मी एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं आहे.

डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. मी सगळं सांगितलं. गोळीचं नाव, किती दिवस, तीनही वेळच्या तारखा. तारखा माझ्या डायरीत होत्या. मी दाणे किती भाजले तेही लिहून ठेवते. त्यांनी सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाले, ते शहाणपणाचं नव्हतं. डच माणूस यापेक्षा मऊ बोलत नाही आणि यापेक्षा कडकही नाही. मग म्हणाले, इतक्या व्यवस्थित नोंदी ठेवणारा पेशंट मात्र मला पहिल्यांदाच भेटला.

त्यांनी समजावलं की त्या गोळ्यांनी जंतू मेले नाहीत, नुसते काही दिवस गप्प बसले, आणि म्हणून आजार सापडायला उशीर झाला. जंतू कुठल्या औषधांना सरावलेत का, ते प्रयोगशाळा सांगेल. मी विचारलं, गोळ्या घेतल्या नसत्या तर तुम्हाला आधी कळलं असतं का?

बहुधा कळलं असतं, ते म्हणाले.

“आणि त्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत माझी नात माझ्या खोलीत झोपत होती.”

“हो,” ते म्हणाले. “तेही मी लिहिलंय.”

त्या संध्याकाळी मी उज्ज्वलाला फोन करून सांगितलं. ती ऐकत राहिली. मागे भांडी धुण्याच्या मशीनचा आवाज येत होता, तो मला शेवटपर्यंत ऐकू आला. मग ती ‘ठीक आहे’ म्हणाली आणि फोन बंद झाला.

दोन दिवस तिचा फोन नाही. डबा मात्र वेळेवर आला. कागदावर अमोलनी लिहिलं होतं, आई, उजू बोलेल, थोडा वेळ द्या. वरणात मीठ दोनदा पडलं होतं. मी सगळं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. माझा औषधांचा डबा ती फार्मसीत परत द्यायला घेऊन गेली होती. उरलेली औषधं तिथे कचऱ्यात टाकत नाहीत, परत देतात. काउंटरवरच्या मुलीला चिठ्ठ्या वाचता येईनात, म्हणून उज्ज्वला एकेक कप्पा तिला डचमध्ये सांगत गेली. ताप. घसा. पोट. शेवटच्या कप्प्याशी आली आणि तिला पुढे बोलता येईना.

“तुझं अक्षर किती छान आहे गं आई,” ती म्हणाली. मग रडली. मग म्हणाली, “मी खूप चिडलेय तुझ्यावर. पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?”

मी म्हटलं, मलाच सांग. आणि तिने सांगितलं, अर्धा तास. त्यातलं इथे लिहीत नाही. सगळं बरोबर होतं.

रेघ

आनेकेला मी एकदा माझ्या आईबद्दल सांगितलं होतं. मैत्रीलाही सांगितलं. सम्यक, तुझ्यासाठी पुन्हा लिहिते.

माझे बाबा पोस्टात होते आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आई आतल्या खोलीत. बाबांनी मधल्या दारात खडूने रेघ ओढली होती, ती मी ओलांडायची नाही. रोज सकाळी कंपाउंडर सायकलवरून यायचा, स्टोव्हवर सुई उकळायचा. अंगठ्याएवढ्या बाटलीत पांढरी पूड असे, तीत पाणी घालून हलवायचा आणि आईला टोचायचा. ते स्ट्रेप्टोमायसिन होतं. तळघरातल्या त्या मुलाचं औषध दहा-बारा वर्षांत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं.

रिकामी बाटली आई जमिनीवर ठेवायची आणि माझ्याकडे घरंगळवायची. जाड काच, रबरी बूच, भोवती धातूची कडी. खडखडत रेघ ओलांडून माझ्या पायाशी येऊन थांबायची. दिवसातला आमचा तेवढाच खेळ. बाबा ती उकळून द्यायचे आणि मी खोक्यात रांगेने लावायचे. माझी शिस्त तिथली आहे.

एका दुपारी बाबा कामावर होते आणि मी रेघ ओलांडली. आईला झोप लागली होती. मी तिच्या कुशीत शिरले. तिने झोपेतच मला घट्ट धरलं. किती वेळ ते माहीत नाही. मग तिला जाग आली आणि तिने मला असं ढकललं की मी भिंतीवर आपटले. ती रडत होती, मी रडत होते. बाबांना आम्ही दोघींनीही कधी सांगितलं नाही.

आई बरी झाली, ऐंशीच्या पुढे जगली. इंजेक्शनांनी तिच्या कानात कायमची शिट्टी राहिली, आम्ही तिच्याशी मोठ्याने बोलायचो. पण मला साधा खोकला आला तरी तिला तो कसा कोण जाणे ऐकू यायचा. कणीक मळतानाचे हात थांबायचे. मी बी.ए. झाले, नोकरीला लागले, उज्ज्वला झाली, तरी थांबायचे. मला वाटायचं, आई उगाच घाबरते.

आनेके म्हणाली होती, त्या बाटल्यांनी तुम्हाला काही झालं नसणार. वस्तूंमधून नाही, हवेतून पसरतो तो. म्हणजे ती एक दुपार असेल किंवा रोजचीच हवा. कोण सांगणार?

स्प्रेकबर्ट

मैत्रीचा स्प्रेकबर्ट झाला त्या सकाळी उज्ज्वलाने लॅपटॉपच्या मागे फोन धरला होता आणि मी पलंगावर केस विंचरून बसले होते. डच मला निम्मं कळलं. तळघरातल्या मुलाचं नाव मैत्रीने तीनदा घेतलं. कोंबडी आल्यावर वर्ग हसला. मग तिने जिऱ्याची रिकामी बाटली काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि कॅमेऱ्याकडे घरंगळवली.

प्रश्नांची वेळ आली. एका मुलाने विचारलं, मग तुझी आजी मेली का?

“नाही,” मैत्री म्हणाली. “ती बघतेय.”

आठवा चौकोन

प्रयोगशाळेचं उत्तर चांगलं आलं. माझे जंतू कुठल्याच मुख्य औषधाला सरावलेले नव्हते. माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही अशी खात्री झाल्यावर मी घरी आले. माझा पलंग तोवर खाली हॉलमध्ये हलवला होता, खिडकीशी. कुणी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मैत्री जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून माझ्याशी बोलायची. खाली यायला तिला कुणी मना केलं नव्हतं. मीच मनात तिथे एक रेघ ओढली होती आणि तिला ती दिसत असावी.

आठव्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. सम्यक, उज्ज्वला, अमोल, तिघांचं काही नाही. मैत्रीच्या हातावर गाठ उठली. मग रक्त घेतलं, तेही तसंच निघालं. एक्स-रे स्वच्छ होता. जंतू तिच्या शरीरात शिरला होता, पण आजार नव्हता. चार महिने रोज औषध घेतलं की तो तिथेच संपेल, असं आरोग्य खात्याच्या बाईने सांगितलं आणि ती गेली.

मी टेबलाशी बसले होते. मला मान वर करवत नव्हती. उज्ज्वलाने चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी बसली.

“तुझ्या आईकडून तुला आलं, तुझ्याकडून हिला,” ती म्हणाली. “आता हिच्याकडून पुढे कुणाला जायचं नाही. एवढंच बघायचं आपल्याला.”

संत्री

मैत्रीचं औषध पातळ होतं, गडद तपकिरी बाटलीत, रंगाने अगदी नागपुरी संत्रं. त्याने शू सुद्धा संत्र्याच्या रंगाची होते. मलाही व्हायची, माझ्या गोळ्यांत तेच औषध होतं. सम्यकला आपण मागे राहिल्याचं फार वाईट वाटलं.

रोज सकाळी साडेसातला मी गोळ्या घेऊन टेबलाशी बसायचे आणि मैत्री चमचा घेऊन समोर. एक, दोन, तीन म्हणून दोघी एकदम. मी तक्ता केला होता, ती त्यावर खुणा करायची. दोन महिन्यांनंतर एकदा ती चमचा बाजूला ठेवून म्हणाली की मला काहीच झालेलं नाही, मला बरंच वाटतंय, मग हे कशाला?

मी काही सांगायच्या आत तिनेच कपाळावर हात मारला. “ओ हां,” म्हणाली, “लिफाफेवाले लोक.” आणि औषध घेतलं.

माझा शेवटचा दिवस तिच्या आधी झाला. मी तरी रोज साडेसातला तिच्यासमोर पाण्याचा पेला घेऊन बसत राहिले.

तिचा शेवटचा दिवस जुलै संपता संपता आला. तिने चमचा चाटला, बाटली धुतली, पुसली. मग माझ्यासमोर न बसता हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि जमिनीवर मांडी घातली. मला कळेना काय करते आहे. तिने बाटली आडवी ठेवली आणि सोडली. लाकडी फरशीवरून ती खडखडत आली, गालिच्याच्या कडेला जरा अडली, मग माझ्या पायाशी येऊन थांबली.

मी खाली बसले. माझ्या वयाला जमिनीवर बसणं म्हणजे दोन टप्प्यांचं काम. बसेपर्यंत मैत्री उठून आली होती आणि तिने तिचे गार पाय माझ्या मांडीखाली खुपसले होते. मी तिला नको म्हटलं नाही.

आता इथे माझ्या टेबलावर दोन बाटल्या आहेत. एक आईची, रबरी बुचाची, माझ्या खोक्यातली उरलेली शेवटची. दुसरी तपकिरी, डच अक्षरांची. मी दोन्हींत काही भरत नाही.

तुमची,
आजी